गोठ्यातला गणपती

ऋषिपंचमीच्या दुपारी भागोजी शेलाराच्या घरी गणपतीपुढे मी हात जोडले, डोळे मिटून काय म्हणायचं ते म्हटलं, डोळे उघडले आणि नीट पाहिलं, तर पाटावर बसलेला गणपती माझा नव्हता. पाट तोच होता. डाव्या कोपऱ्यावर कधीतरी निखारा पडून झालेला काळा डाग होता, आणि तो डाग मी सबंध श्रावण उठता-बसता पाहिला होता. आषाढात भागोजीने हा पाट डोक्यावर घेऊन, डोंगर उतरून, पोलादपुरात माझ्या ओटीवर आणून ठेवला होता. आमच्या भागात गणपती सांगायची हीच रीत. घरचा पाट कारागिराकडे द्यायचा, त्याने त्यावर मूर्ती बसवायची, आणि चतुर्थीला सकाळी देवाच्या तोंडावर फडकं टाकून पाटासकट घरी न्यायचा. ज्याच्याकडे पाट दिला त्याचाच गणपती. काल सकाळी भागोजीने विडा-नारळ ठेवून, माझ्या पाया पडून माझा गणपती नेला होता. आणि आज त्याच पाटावर भलताच कोणीतरी बसला होता. गोरापान, गुलाबी गालांचा, महाडच्या कारखान्यातला. आत्ता झोपेतून उठून घरातल्या माणसांना पाहून बरं वाटलंय, असे त्याचे डोळे होते.

चूक माझीच. माणसाने न सांगता जाऊ नये. मी तीस वर्षं तलाठी होतो, पण कुठल्या वाडीवर न सांगता गेल्याचं मला आठवत नाही. कोतवाल पुढे जायचा, ‘भाऊसाहेब येतायत’ म्हणून सांगायचा, आणि मी धापा टाकत पोचेपर्यंत ओटीवर घोंगडी अंथरलेली असायची, पाण्याचा तांब्या भरलेला असायचा, माणसं तोंडं धुऊन बसलेली असायची. तोंडं धुतलेलीच माणसं मी जन्मभर पाहिली. रिटायर होऊन दुसरं वर्ष चाललं होतं, आता कसला कोतवाल आणि कसली वर्दी, म्हणून आपला काठी टेकत उठलो आणि गेलो. माझे गणपती लोकांच्या घरात कसे दिसतात ते मला पाहायचं होतं. कारागिराला ती हौस असते म्हणतात. भागोजी माझ्या शेजारी उभा होता. त्याची बायको राहीबाई निरांजनात तेल घालत होती, तिचा हात तिथेच थांबला. मुंबईहून सणाला आलेला पुतण्या कौलांकडे पाहू लागला. मग भागोजीने घसा खाकरला आणि म्हणाला, “बसला का नाय झ्याक? तुमच्याच हातचा, भाऊसाहेब. समदी वाडी नाव काढते.”

आता यावर माणूस काय बोलेल? भडकेल, हसेल, निदान ‘अरे लबाडा’ एवढं तरी म्हणेल. मी म्हणालो, “छान बसलाय.” अगदी मान डोलावून म्हणालो. राहीबाईचा हात पुन्हा चालू झाला. पुतण्याने मला बसायला खुर्ची दिली, बशीत मोदक आले, वर तुपाची धार आली. मी मोदक खाल्ला. भागोजी पावसाचं बोलत होता, भात कसं पोटरीला आलंय ते सांगत होता, आणि मी ‘हं, हं’ करत होतो. आम्ही दोघेही इतकं व्यवस्थित खोटं बोलत होतो की जणू वर्षानुवर्षं आमचा तोच धंदा होता. आणि तसा तो होताच, म्हणा. फक्त माझ्या बाजूने मला आजच कळत होतं.

हात धुवायला परसदारी गेलो तेव्हा सर आली. आडोसा म्हणून गोठ्यात शिरलो. गाय रवंथ करत होती. डोळे अंधाराला सरावले, आणि पेंढ्याच्या उडवीला टेकून, बांबूच्या उपड्या हाऱ्यावर बसलेला माझा गणपती मला दिसला. त्याच्या खांद्यांवरून राहीबाईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा शालीसारखा पांघरलेला होता. समोर ताजं जास्वंदीचं फूल होतं, कपाळाला कुंकू होतं, आणि केळीच्या पानाच्या तुकड्यावर एक मोदक होता. माझ्या बशीतल्यासारखाच. म्हणजे मला फसवलं होतं, पण देवाला उपाशी ठेवलं नव्हतं. एका घरात दोन गणपती बसत नाहीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण भागोजीला माझी भीती आणि राहीबाईला देवाची, तेव्हा नवरा-बायकोंनी मिळून हा तोडगा काढलेला दिसत होता. विसर्जनाला दोघांनाही नेणार असतील, एकाला वाजतगाजत आणि एकाला पाटीत घालून, वर गवत टाकून. मला हसू यायला हवं होतं. मी गाईच्या दाव्याला धरून उभा राहिलो.

आणि मग मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. आजवर माझा गणपती मी हातभर अंतरावरून पाहिला होता, नाकाला नाक लावून, कुठे रंग ओघळला, कुठे रेघ जाड आली, हे पाहत. लांबून, परक्याच्या दारातून, कधी पाहिलाच नव्हता. रेघ कुठेच चुकली नव्हती. माझा हात पक्का आहे, नकाशे काढण्यात गेलेला हात आहे. पण तो गणपती माझ्याकडे पाहत नव्हता. माझ्या डोक्यावरून, माझ्या पाठीमागे रांगेत कोणी उभं असावं तसा तिकडे पाहत होता. भुवया आवळलेल्या, ओठ मिटलेले. अर्ज आणलाय का, आणि आणला असेल तर त्यावर सही कुठाय, असं विचारणारं ते तोंड. हे तोंड घेऊन कोणाच्या घरात कोणी सणाला कशाला बसावं? भागोजीच्या जागी मी असतो तर मीही त्याला गोठ्यात ठेवला असता. नाही, मी फूलसुद्धा ठेवलं नसतं.

डोंगर उतरताना मी कुठल्याच घरी थांबलो नाही. वाटेत मोऱ्यांचं घर लागलं, उतेकरांचं लागलं, आतून आरतीचे आवाज येत होते, त्या घरांतूनही माझ्याकडे पाट आले होते. आत डोकावायचा धीर झाला नाही. पाऊस बारीक झाला होता, वाटेवर तेरडा फुलला होता, आणि माझ्या मनात सारखं एकच येत होतं, की त्या माणसांनी मला नाही म्हणायला काय हरकत होती? ‘भाऊसाहेब, तुमचा नको, आम्ही महाडचा आणतो,’ एवढंच. पण तलाठी रिटायर होत नसतो. माझ्या जागेवर आलेला नवा पोरगा संध्याकाळी माझ्याच ओटीवर येऊन बसतो, कुठला बांध कुणाचा, कुठला ओढा कुणाच्या हद्दीत, हे मलाच विचारतो, आणि हे सगळ्या वाड्यांना ठाऊक आहे. लोकांना वाटणार, म्हातारा उद्या एक शब्द इकडचा तिकडे करेल. मी तसं करणार नव्हतो. पण ते त्यांना कसं कळावं? माझं तोंड पाहून तर नक्कीच नाही.

लहानपणी मी वेगळा होतो, असं मला वाटतं. पण प्रत्येकाला तसं वाटतच असेल. माझं आजोळ दासगावचं. खाडीच्या काठाला गाळाची माती असायची, काळसर, मऊ, हातात घेतली की लोण्यासारखी. मामाच्या घराशेजारी एक म्हातारा गणपती करायचा आणि मी दिवसभर त्याच्या पडवीत पडलेला असायचो. तो मला वेडंवाकडं काहीही करू द्यायचा. बैल करायचो, त्याला पाच पाय व्हायचे. म्हातारा ते उन्हात वाळवायला ठेवायचा आणि माझ्यासमोर लोकांना सांगायचा, “ह्यो बग, पाच पायांचा बैल. पळताना काय पळंल रांडेचा!” एवढं हसायचो आम्ही. मग वडील आले, कानाला धरून घरी नेलं आणि सातवीच्या फायनल परीक्षेला बसवलं. ‘चिखलात हात घालायचा तर शेतात घाल, नाहीतर घालू नको,’ म्हणाले. मी फायनल पास झालो, तलाठी झालो, घराण्यात पहिला सरकारी माणूस. वडील गावभर पेढे वाटत फिरले. ते मरेपर्यंत मला ‘अहो’ म्हणायचे, स्वतःच्या मुलाला. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोला, फार आवडायचं.

आणि त्यानंतर मला कोणी काही बोललंच नाही. मी आजारी असताना पोवाडा म्हटला असता तरी ‘वा भाऊसाहेब’ म्हणाले असते. मी चुकून दुसऱ्याच्या चपला घालून निघालो तर तो अनवाणी घरी जायचा. तुळसा, माझी बायको, ती तरी बोलायची का? तीही नाही. ती वाईट कधी बोलली नाही आणि चांगलंही कधी बोलली नाही. रिटायर व्हायच्या वर्षी मी चोरून, घरातल्या घरात, पहिला गणपती केला. पेणहून शाडू मागवला, खोलीचं दार लावून बसलो, आणि झाल्यावर तिला बोलावलं. तिने पदराने हात पुसले, पाहिलं, आणि म्हणाली, “बरा हाय.” दुधी बरा आहे, पाऊस बरा आहे, त्याच आवाजात. मी चिडलो. मी म्हणालो, “बरा म्हणजे काय? नीट सांग.” तर म्हणाली, “तुमी केलाय म्हंजे बराच असंल की.” त्याच मार्गशीर्षात ती गेली, तीन दिवसांच्या तापात, आणि नीट काय ते सांगायचं राहूनच गेलं. ती गेल्यावर घरात माझ्या चपलांचा आवाज फार मोठा यायला लागला. मग मी रात्रंदिवस माती मळायला लागलो, झालेल्या मूर्ती ओटीवर वाळत ठेवायला लागलो. माती मळताना माणूस एकटा आहे हे कळत नाही. हात गुंतलेले असले की तेवढ्यापुरतं बरं असतं.

पुढच्या आषाढात भागोजीचा तो डागाचा पाट आला. पहिला पाट! मी त्याला विचारलंसुद्धा, “अरे, महाडवाल्याकडे देत होतास ना दरवर्षी?” तर म्हणाला, “आपला माणूस असताना बाहेर कशाला?” मला भरून आलं. दोन दिवसांत उतेकरांचा आला, मोऱ्यांचा आला, मग वाड्यांमागून वाड्यांचे. ओटीवर भिंतीला लावून पाट उभे केले होते, शिसवी, फणसाचे, एकाला पितळी फुल्या ठोकलेल्या, एक नुसती फळी. मी सकाळी उठून त्यांच्याकडे पाहत चहा प्यायचो आणि मनात म्हणायचो, तलाठी मेला, आता मी कारागीर. केवढा गाढव माणूस! त्या पाटांवर बसलेली भीती मला दिसली नाही. फणस दिसला, शिसव दिसलं.

डोंगर उतरून घरी आलो तर ओटीच्या पायरीवर गोमाजी बसलेला. गोमाजी माझा कोतवाल, माझ्याबरोबरच रिटायर झालेला. अजून संध्याकाळी येऊन पायरीवर बसायचा, वर ये म्हटलं तरी यायचा नाही. मी ओल्या कपड्यांनिशी त्याच्यासमोर बसलो.

“गोमाजी, खरं सांग. माझे गणपती कसे असतात?”

“गणपतीवानी असतात, भाऊसाहेब.”

“ते मला ठाऊक आहे. चांगले की वाईट?”

“देवाला वाईट म्हनू व्हय मी? जीभ झडंल.”

“देवाला नको म्हणू. मला म्हण.”

“तुमाला?” तो हसला. सगळे दात पडलेले. “मंग तर नोकरीच जाईल माजी.”

“अरे, तुझी नोकरी गेली. माझीही गेली. आता आपण दोन म्हातारे आहोत, बाकी काही नाही.”

“ते खरं हाय,” तो म्हणाला, आणि बराच वेळ पायरीवरची ओली पानं एकेक करून खाली टाकत राहिला. मी वाट पाहत होतो. मला वाटलं, आता बोलेल. शेवटी म्हणाला, “सवय जात नाय, भाऊसाहेब. पानी तापवायला सांगू का? भिजलाव तुमी.”

त्या गणपतींनंतर मी शाडूला हात लावला नाही. टोपात उरलेली माती वाळून तिला भेगा पडल्या. संक्रांत गेली, शिमगा गेला. शिमग्यात पालखी दारात आली तेव्हा लोकांनी नेहमीसारखं मला पुढे केलं, नारळ माझ्या हातात दिला, आणि मला वाटलं, यातला एकजण तरी माझ्या तोंडावर थुंकला तर बरं होईल. मुलगा मुंबईहून पत्र टाकायचा, या म्हणायचा, परळच्या त्याच्या खोलीत मी काय करणार होतो? तिथे जिन्यावर बसून दुसऱ्यांच्या नळाचं पाणी मोजलं असतं. चैत्रात फणस लागले, आणि मला दिसायला लागलं की आषाढ येणार. आषाढ येणार आणि पुन्हा पाट येणार. एकही माणूस चुकणार नाही. भागोजी सगळ्यात आधी येईल, डोक्यावरचा पाट उतरवेल आणि म्हणेल, आपला माणूस असताना. आणि मी पुन्हा श्रावणभर खपून गोठ्यांसाठी गणपती करीन. एका सकाळी उठलो, घराला कुलूप लावलं, किल्ली गोमाजीकडे दिली, आणि महाडची एसटी पकडली. कुठे जाताय म्हणून त्याने विचारलं नाही. त्याने मला कधीच काही विचारलं नव्हतं.

महाडात काकरतळ्याच्या अंगाला एका लांब पडवीत कोंडाजी म्हणून एकाचा गणपतींचा कारखाना होता. मी दारात उभा राहिलो आणि म्हणालो, काम पाहिजे. त्याने वर न पाहता विचारलं, “माती मळता येते?” मी हो म्हणालो. “कुठले?” पोलादपूरचा, म्हणालो. संपलं. त्या दिवसापासून मी ‘पोलादपूरवाले’ झालो. धोतर-कोट बॅगेत गेला, गुडघ्यापर्यंतची चड्डी आणि बंडी आली. मी माती मळायची, साच्यातून निघालेल्या अंगांचे सांधे ओल्या बोटाने घासायचे, वाळल्यावर पांढरा हात द्यायचा. शनिवारी इतरांबरोबर माझी मजुरी माझ्या हातावर पडायची. कोणी मला नमस्कार करत नव्हतं, आणि पहिल्या आठवड्यात मला त्याचा रागच येत होता. पाण्याचा हंडा भरायची पाळी माझ्यावर आली की माझ्या कपाळाची शीर उडायची. माणसाला माज किती खोल मुरलेला असतो, ते हंडा उचलताना कळतं. हळूहळू शीर उडायची थांबली. हंडा मात्र जड तो जडच राहिला.

खाणावळीत जेवायचो, कारखान्याच्याच माळ्यावर झोपायचो. पोलादपुरात माणसं माझ्यासमोर खोटं बोलायची, महाडात कोणी बोलायचंच नाही. यातलं वाईट कुठलं, हे मी कौलांतून दिसणाऱ्या उजेडाच्या तुकड्याकडे पाहत बरेचदा ठरवायचा प्रयत्न केला. रविवारी कारखाना बंद असे तेव्हा गांधारी नदीच्या काठाला जाऊन बसायचो. धुणं धुणाऱ्या बाया एकमेकींना ‘काय गो, आज उशीर?’ म्हणून हाका मारायच्या. ते ‘गो’ आणि ते ‘रे’ ऐकत मी बसायचो. कोणीतरी कोणाला तरी ‘मेल्या’ म्हणायचं आणि मला त्या मेल्याचा हेवा वाटायचा. तुळसाची आठवण यायची. तीस वर्षं ती मला ‘अवो’ म्हणाली, आणि त्या ‘अवो’च्या पलीकडे ती कोण होती, हे मला कधी कळलं नाही, आणि पलीकडे मी कोण होतो हे तिला. आम्ही दोघांनी एकमेकांना नीट पाहिलंच नव्हतं की काय? असं काही मनात आलं की मी उठायचो आणि उगीच बाजारपेठेतून एक फेरी मारून यायचो.

श्रावण सरत आला तशी कारखान्यात धांदल उडाली. डोळे काढायचं काम, आखणी म्हणतात तिला, ती कोंडाजी स्वतः करायचा, दुसऱ्याला कुंचल्याला हात लावू द्यायचा नाही. पण त्याला हिवताप भरला, आणि दाराशी गिऱ्हाइकांची रांग. घोंगडी पांघरून कोपऱ्यात बसल्या बसल्या त्याने कामावरच्या एकेकाचे हात पुढे करायला लावले. माझा हात पाहून म्हणाला, “पोलादपूरवाले, बसा आखणीला.” मी बसलो. पहिली मूर्ती केली, त्याच्यापुढे धरली. त्याने तापलेल्या डोळ्यांनी पाहिली आणि हाताने खूण केली, ठेवा फळीवर. चांगली म्हणाला नाही, वाईट म्हणाला नाही. मला तुळसा आठवली. मी एकामागून एक डोळे काढत राहिलो. गोठ्यातलं ते तोंड डोक्यात ठेवून, भुवई सैल सोडत, ओठाचा कोपरा वर नेत. पण रेघ ओढताना माझा श्वास रोखला जायचा आणि श्वास रोखला की भुवई पुन्हा आवळून यायची. सवय जात नाय, भाऊसाहेब. लोक येत होते, फडकं टाकत होते, नेत होते. कोण गोठ्यात ठेवतंय आणि कोण माजघरात, हे मला कळायची सोय नव्हती.

हरतालिकेच्या दिवशी दुपारी एक म्हातारी आली. ठमाबाई. वरच्या कुठल्यातरी वाडीची, चालत आलेली, माझ्याहून दहा-पंधरा वर्षांनी मोठी सहज असेल. कमरेत वाकलेली, पायाला चिखल, डोक्यावर चुंबळ. आल्या आल्या तिने आपला पाट ओळखला आणि त्याच्यासमोर उकिडवी बसली. ती मूर्ती माझी होती, डोळ्यांची आखणी माझी होती. बाकीची माणसं घाईत असतात, बघ न बघ करतात. ही बघतच राहिली. मान इकडे केली, तिकडे केली. मग कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि सगळ्या पडवीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “ह्यो कुनी केला रे?”

मी पुढे झालो. म्हणालो, “मी.”

“तू? आनी ह्यो कुनावर रागावलाय?”

मी हातातला कुंचला खाली ठेवला.

“आरं, बोल की म्हाताऱ्या! डोळं बघ ह्याचं. म्या काय ह्याची चोरी केलीय? मुंबईला दोन ल्योक हायत माजं, यंदा कोन येनार नाय. घरात म्या येकटी. गणपती आला म्हंजे मानूस आल्यावानी वाटाया पायजे. ह्यो घरात बसल्यावर म्या जेवू कशी ह्याच्याफुडं? नाय नाय. ह्यो नाय न्यायची मी.”

कामावरची माणसं थांबून पाहायला लागली. कोंडाजीने कोपऱ्यातून मान वर केली. आणि मला, काय सांगू, रडू आलं. चारचौघांत, रंगाचे हात घेऊन, नाक वाहायला लागलं. तिला वाटलं मी तिच्या बोलण्याने दुखावलो. ती आवाज जरा खाली आणून म्हणाली, “आता रडतोस कशापाई? बस आनी नीट कर. मी बसते हितं.” आणि ती खरंच उंबऱ्यावर बसली, कमरेची पिशवी काढून तिने तंबाखू मळायला घेतली.

मी ओल्या फडक्याने भुवया आणि डोळे पुसले, पांढरा हात दिला, शेगडीजवळ धरून वाळवला, वर अंगाचा रंग दिला, पुन्हा वाळवला. ती बोलत होती. गाईला झालेल्या खोंडाचं, सुनेचं, दुखणाऱ्या गुडघ्याचं. मी ‘हं’ म्हणायचं विसरलो तर म्हणायची, “आयकतोस का नाय?” कुंचला हातात घेतला तेव्हा मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या घरात संध्याकाळी कोण असेल, चुलीपुढे ती कोणाशी बोलेल, भाकरी मोडून कोणाला वाढेल. आणि माझ्या कुलूप लावलेल्या घरात मी एकटा बसलो असताना कोणी माझ्याकडे पाहिलं असतं, तर कसं पाहिलेलं मला आवडलं असतं. श्वास रोखायचं मला सुचलंच नाही. रेघ थोडी हलली. एक डोळा दुसऱ्याहून किंचित मोठा आला. मी तो तसाच ठेवला.

ती उठली, गुडघ्यावर हात देत देत पाटासमोर बसली आणि पाहत राहिली. मी मागे उभा होतो. फायनलच्या निकालाचीही मी अशी वाट पाहिली नव्हती. तिने बोटाने मूर्तीच्या पायाला हात लावून ते बोट कपाळाला टेकवलं.

“हां,” ती म्हणाली. “आता जेवंन मी.”

एवढंच. चुंबळ नीट केली, मूर्तीच्या तोंडावर स्वतःच्या हाताने फडकं टाकलं, आणि मग वळून मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“नाव काय रे तुजं? फुडल्या वर्साला आले म्हंजे कुनाला हाक मारू?”

मी तोंड उघडलं. ‘भाऊसाहेब’ हे नाव नव्हतं आणि ‘पोलादपूरवाले’ हेही नव्हतं. दासगावच्या पडवीतला म्हातारा ज्या नावाने मला हाक मारायचा, ते नाव मी कित्येक वर्षांत मोठ्याने उच्चारलं नव्हतं, आणि ते माझ्या तोंडून बाहेर पडलं तेव्हा आवाज जरा फाटलाच.

“सयाजी.”

“बरं सयाजी,” ती म्हणाली, “उबा काय ऱ्हायलास? लाव हात.”

मी वाकलो, पाटाला हात लावला, आणि ओझं तिच्या डोक्यावर चढवलं.